मोडलेला जबडा

गोदावरी गंगापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते आणि कायगांवापाशीं प्रवरेला पोटांत घेऊन पैठणकडे निघून जाते. हा सारा मुलूख ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर पोसलेला. रात्रीची शिळी भाकरी सकाळीं चावून खावयाची, तर खालच्या जबड्याला केवढें बळ लावावें लागतें, याचा विचार धडधाकट मनुष्य जन्मांत कधीं करीत नाहीं. बैलाचें शिंग हनुवटीवर बसलें, बाभळीच्या फांदीवरून पाय निसटला, किंवा आजच्या दिवसांत मोटारसायकल खडीवरून घसरली, म्हणजे मात्र त्याला एका क्षणांत उमगतें कीं, खाणें, बोलणें, गिळणें आणि चारचौघांत तोंड दाखविणें हीं सारीं घोड्याच्या नालासारख्या एका वांकड्या हाडावर उभीं होतीं.

अशा मनुष्याची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते. सुजलेल्या तोंडानें, लाळ पुशीत तो म्हणतो, "दांतावर दांत बसत नाहीं." वेदना, रक्त, सूज यांचा उल्लेख मागाहून येतो. वैद्याच्या दृष्टीनें या चार शब्दांत निम्म्याहून अधिक निदान होऊन गेलेलें असतें; कारण वरच्या आणि खालच्या दांतांची गांठ ही ज्याची त्यालाच पक्की ठाऊक असलेली खूण आहे, आणि तींत केसभर फरक पडला तरी तो लागलीच जाणवतो. जबड्याच्या अस्थिभंगाचा इतिहास पाहूं गेल्यास तो बव्हंशीं या एका वाक्याचें महत्त्व ओळखण्याचा, मध्येंच तें विसरण्याचा आणि पुन्हां ओळखण्याचा इतिहास आहे, असें दिसून येईल.

या विषयावरील अत्यंत जुना लेख इजिप्तमधील आहे. इसवी सनापूर्वीं १६०० च्या सुमारास नकललेली पपायरसची एक गुंडाळी १८६२ सालीं एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थानें लक्झर येथें विकत घेतली, आणि १९३० सालीं ब्रेस्टेड या पंडितानें तिचें भाषांतर प्रसिद्ध केलें. तींत अठ्ठेचाळीस जखमी रोग्यांच्या नोंदी आहेत. चोविसाव्या रोग्याचा जबडा मोडलेला आहे. बोटांखालीं हाड करकरतें, वर जखम आहे, अंगांत ताप आहे, इतकें पाहून तो प्राचीन शल्यवैद्य लिहितो कीं, हें दुखणें उपचार करण्याजोगें नाहीं. पंचविसाव्या रोग्याचा जबडा नुसता निखळलेला आहे. त्याच्यासाठीं मात्र अंगठे तोंडांत घालून आणि बोटें हनुवटीखालीं धरून हाड जागेवर सारण्याची रीति सांगितली आहे. लागोपाठच्या दोन नोंदींत एक असाध्य, दुसरा साध्य! आजच्या मनुष्याला यांत निष्ठुरपणा दिसेल. परंतु निखळलेलें आणि मोडलेलें यांतील भेद केवळ हातानें ओळखणें, आणि जें आपल्याच्यानें होणार नाहीं तें स्पष्ट लिहून ठेवणें, यांत प्रामाणिकपणाहि आहे.

हिंदुस्थानांतील वैद्यांचा हातहि याच वाटेनें गेला. उघडें राहून गेलेलें तोंड मिटविण्यासाठीं शेक देऊन अंगठ्यांनीं हनु दाबावी आणि तर्जनींनीं हनुवटी वर उचलावी, असें चरकसंहितेंत वातव्याधीच्या प्रकरणीं सांगितलें आहे. सुश्रुतानें त्याच्या पुढें जाऊन अस्थिभंगाचें एक सबंध शास्त्रच मांडलें. सांधा सुटण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार त्यानें वेगळाले केले व प्रत्येकास नांव दिलें. दोन्ही टोकें दबून मधला भाग खेंकड्यासारखा वर आला तर कर्कटक, घोड्याच्या कानाप्रमाणें हाड वर निघालें तर अश्वकर्ण, चुरा झाला तर चूर्णित. नलिकेसारखीं हाडें मोडतात, कवटीसारखीं फुटतात, कोंवळीं हाडें वांकतात आणि दांत तडकतात, हा भेदहि त्यानें नोंदविला आहे. या नांवांची पुढें आठवण ठेवावी लागेल. कारण रोगाला नेमकें नांव देण्याची जी खटपट आज आंकड्यांनीं चालली आहे, तिचेंच हें शब्दांतील पूर्वरूप होय.

जबड्याचा सांधा सुटला असतां सुश्रुत सांगतो कीं, शेक द्यावा, हाडें समान आणून बसवावीं आणि पंचांगी नांवाची पट्टी बांधावी. त्यानें वर्णिलेल्या चौदा पट्टबंधांत जबडा, गाल व कानशील यांसाठीं खट्वा नांवाचा आणखी एक बंध आहे. पण त्याच्या प्रकरणांतील खरोखर मन वेधून घेणारा भाग दांतांविषयींचा आहे. तरुण मनुष्याचे दांत न मोडतां नुसते हलले असतील आणि त्यांतून रक्त येत असेल, तर ते दाबून बसवावे, बाहेरून थंड लेप द्यावा, आणि रोग्यास कमळाच्या देंठांतून दूध पाजावें. वृद्धाचे हललेले दांत मात्र तो उपचारांतून वगळतो. कमळाचा देंठ आंतून पोकळ असतो. दुखावलेल्या दांतांनीं चावावयाचें नाहीं, आणि अन्न तर पोटांत गेलेंच पाहिजे, ही अडचण त्या वैद्यानें एका नळीनें सोडविली. आजच्या रुग्णालयांत जबडा बांधलेला मनुष्य नळीनें आंबील ओढीत बसलेला असतो, तेव्हां तो याच युक्तीचा वारसा भोगीत असतो.

गंगापूरच्या ईशान्येस देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकांत तेथें महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरीं हेमाद्रि हा विद्वान मंत्री होता. बखरींनीं त्याचें नांव मोडी लिपीशीं जोडलें आहे आणि लोकांनीं दगडी देवळांशीं. परंतु वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका त्यानें लिहिली, ही गोष्ट तितकी सर्वश्रुत नाहीं. वाग्भटाच्या सूत्रस्थानांत पट्टबंधांचे पंधरा प्रकार येतात, आणि पंचांगी त्यांत आहेच. म्हणजे जबड्याच्या पट्टीची विद्या त्या काळीं या प्रदेशांत पोथीच्या रूपानें तरी जिवंत होती.

नवलाची गोष्ट ही कीं, हेमाद्रि देवगिरीस होता त्याच काळांत, १२७५ च्या सुमारास, इटलींतील सालिचेतो या शल्यवैद्यानें जबड्याच्या बाबतींत एक अगदीं निराळी गोष्ट लिहून ठेवली. ग्रीक वैद्य हिपोक्रटीसच्या परंपरेंत मोडीच्या दोहों बाजूंचे दांत सोन्याच्या तारेनें किंवा तागाच्या दोऱ्यानें एकमेकांस बांधीत असत. सालिचेतो म्हणाला, तेवढ्यावर थांबूं नये. मोडलेल्या जबड्याचे दांत वरच्या शाबूत जबड्याच्या दांतांस बांधावे. ही सूचना दिसावयास लहान, पण सारें मर्म तींत आहे. खालच्या जबड्याला चघळण्याचे बळकट स्नायू जोडलेले असतात. हाड मोडलें कीं ते मोडीचे दोन तुकडे दोन दिशांना ओढतात. बाहेरून हनुवटीला कितीहि कसून पट्टी बांधली, तरी ती पुढचा तुकडा मागें रेटते आणि दांत जुळत नाहींत ते नाहींतच. मग तुकडे बसविण्याचें माप कोठून आणावयाचें? तें रोग्याच्या वरच्या जबड्यांतच तयार असतें. वरचे दांत हा सांचा आहे. खालचे त्यांत नीट बसले कीं मोडलेलें हाड आपोआप आपल्या जागीं येतें.

गांवोगांवचे हाडवैद्य हात आणि पाय बसविण्यांत वाकबगार असत, आणि बांबूच्या कामट्यांनीं त्यांनीं अनेकांचे अवयव सरळ केले आहेत. त्यांची विद्या जबड्यापाशीं अडखळे, तें याच कारणानें. जबड्याला कामटी बांधतां येत नाहीं. गरम लेप लावून, फडकें बांधून हाड कालांतरानें सांधत असे, पण वांकडें; आणि मनुष्य उरलेलें आयुष्य भाकरी दुधांत कुसकरून खात असे. याला हाडवैद्याचें अज्ञान म्हणावें, तर युरोपांतील डॉक्टरांचीहि गति याहून फारशी वेगळी नव्हती. सालिचेतोचें म्हणणें तेथेंहि सहाशें वर्षें जवळजवळ विस्मृतींत पडून होतें.

तें पुन्हां वर आलें अमेरिकेंत, आणि वर आणलें तें दंतवैद्यांनीं. ५ एप्रिल १८६५ रोजीं अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री सीवर्ड हा घोडागाडीच्या अपघातांत सांपडून त्याचा जबडा मोडला. नऊ दिवसांनीं, ज्या रात्रीं अध्यक्ष लिंकनवर गोळी झाडली गेली त्याच रात्रीं, दुसऱ्या एका मारेकऱ्यानें अंथरुणावरच्या सीवर्डचा गाल सुऱ्यानें फाडला. शेवटीं न्यूयॉर्कचा दंतवैद्य गनिंग यानें कठीण केलेल्या रबराचा, दांतांच्या ठशाबरहुकूम घडविलेला सांचा त्याच्या तोंडांत बसविला, आणि सीवर्ड पुढें बरा होऊन कामावर रुजू झाला. १८८७ सालीं गिल्मर यानें वरचे व खालचे दांत तारेनें एकत्र बांधण्याची जुनी रीति नव्यानें प्रसिद्ध केली. तेव्हांपासून ती वैद्यकांतून पुन्हां गेली नाहीं. मोठमोठ्या शल्यवैद्यांना जें सुचलें नाहीं, तें दांत घासून-पुसून बसविणाऱ्यांना सुचलें, यांत विस्मय नाहीं. रोजच्या रोज ते दांतांची जुळणीच पहात होते.

पहिल्या महायुद्धांत खंदकांतून डोकें वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे गोळ्यांनीं उडाले, आणि या शास्त्राला भयंकर मोल देऊन वेग आला. जबड्याचा पुढचा भाग दोन्हीं बाजूंनीं तुटला कीं जिभेचा आधार जातो. असा जखमी उताणा निजविला तर जीभ मागें पडते, रक्त घशांत उतरतें आणि तो गुदमरून मरतो. त्याला पुढें वांकवून बसवावें, नाहीं तर पालथा किंवा कुशीवर ठेवावा, हा धडा अनेक प्राण गेल्यावर शिकला गेला. रस्त्यावर पडलेल्या अपघातग्रस्ताला चार माणसें उचलून बैलगाडींत किंवा जीपमध्यें उताणा घालतात, तेव्हां मोडलेल्या हाडापेक्षां ही उचलण्याची रीतच त्याच्या जिवावर उठण्याचा संभव असतो. मानेलाहि मार बसलेला असूं शकतो, म्हणून ती वांकूं न देतां, सबंध देह एकदम वळवून त्याला कुशीवर घ्यावें लागतें.

भूल देण्याचा प्रश्नहि येथें अवघड होता. इतर अवयवांवर शस्त्र चालतें तेव्हां भूल देणारा तोंडापाशीं मोकळा असतो. येथें दोघांनाहि तोंडच हवें. गंगापूर त्या काळीं ज्या हैदराबाद संस्थानांत होतें, तेथें १८८८ आणि १८८९ सालीं क्लोरोफॉर्मच्या धोक्याची चौकशी करण्यासाठीं दोन मंडळें बसलीं होतीं, आणि शल्यवैद्य लॉरी याच्या पुढाकारामुळें तीं जगभर गाजलीं. क्लोरोफॉर्मनें श्वास आधीं बंद पडतो कीं हृदय, यावर तेथें मोठा वाद झाला. पण श्वासाची वाट शल्यवैद्याच्या हातापासून वेगळी कशी काढावी, याचें उत्तर महायुद्धानंतर इंग्लंडांत सिडकप येथें मिळालें. गिलीज याच्या रुग्णालयांत मॅगिल आणि रोबोथम या दोघांनीं नाकांतून श्वासनलिकेंत रबरी नळी घालण्याची रीति बसविली. तोंड मोकळें झालें, आणि दांत तारेनें बंद असतांहि रोगी श्वास घेऊं लागला.

निदानाची साधनें बदललीं, तरी त्यांचा क्रम बदललेला नाहीं. डॉक्टर प्रथम दांतांची जुळणी पाहतो. मग जबड्याच्या कडेनें बोट फिरवून पायरीसारखा उंचवटा लागतो का तें चांचपतो. जिभेखालीं काळेंनिळें रक्त सांखळलेलें असेल तर मोडीचा संशय बळावतो. खालचा ओंठ बधिर झाला असेल, तर हाडाच्या आंतून जाणारी नस दुखावली असें समजतात. एक साधी लांकडी पट्टी दांतांत धरावयास देतात आणि ती पिरगाळतात. जबडा शाबूत असलेला मनुष्य ती मोडेपर्यंत धरून ठेवतो, मोडलेला वेदनेनें सोडून देतो. १८९५ सालीं राँटजेननें क्ष-किरण शोधले. जबडा वांकडा असल्यामुळें सपाट चित्रांत त्याची एक बाजू दुसरीवर पडे; ही अडचण फिनलंडच्या पाटेरो यानें रोग्याच्या चेहऱ्याभोंवतीं फिरणाऱ्या यंत्रानें दूर केली, आणि त्या एका लांबट चित्राला आज सारे ओपीजी म्हणतात. एक मोड सांपडली कीं दुसरी शोधावयाची, हा नियमच आहे. हनुवटीवर आपटलेल्या मनुष्याचें हाड पुढें मोडतेंच, पण तो धक्का दोन्हीं कानांपुढील सांध्यांपर्यंत पोंचून तेथेंहि मोडतें. कवायतीला उभे असतां घेरी येऊन कोसळणाऱ्या पहारेकऱ्यांवरून इंग्रज वैद्यांनीं या दुखापतीला पहारेकऱ्याची मोड असें नांवच दिलें आहे.

यांत सर्वांत दुर्दैवी बळी लहान मुलांचा जातो. पायरीवरून किंवा झोक्यावरून मूल हनुवटीवर पडतें, हनुवटीला टांका पडतो, रडणें थांबतें आणि घरचीं माणसें तें विसरून जातात. कानापुढील सांध्यांत मात्र हाड मोडलेलें असतें, आंत रक्त सांखळतें, आणि पुढें तो सांधा हाडानेंच बुजून जाऊं शकतो. कांहीं वर्षांनीं मुलाचें तोंड बोटभरहि उघडत नाहीं, खालचा जबडा वाढत नाहीं आणि चेहरा पांखरासारखा मागें गेलेला दिसूं लागतो. हिंदुस्थानांतील दंतरुग्णालयांत अशीं मुलें अजूनहि येतात. हनुवटीच्या टांक्याबरोबर कानापुढील सांधा चांचपून पाहिला, आणि मुलाला वेळेवर तोंड उघडण्याचा व्यायाम लावला, तर यांतील पुष्कळ अनर्थ टळण्यासारखा आहे.

गंगापूरच्या मनुष्याला या उपचारासाठीं पूर्वीं फार दूर जावें लागे. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ सालीं निघालें, पण निजामाच्या मुलुखांतील शेतकऱ्याला मुंबई परक्या राज्यांत होती. औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, १९५६ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा घाटी या नांवानें ओळखतो. १९८२ सालीं तेथें शासकीय दंतमहाविद्यालय आलें. गंगापूरहून हें अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटरांचें. तोंवर उपचारहि पालटले होते. १९७० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील मिशेले आणि शांपी यांनीं दाखविलें कीं, जबड्यावर ताण ज्या रेषांनीं पडतो त्या रेषांवर, तोंडाच्या आंतूनच, लहानशा धातूच्या पट्ट्या स्क्रूनें बसविल्या तर जबडा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवण्याची गरज बहुधा रहात नाहीं. कोनापाशीं एक पट्टी पुरते. पुढें हनुवटीजवळ पिळाचा ताण असल्यामुळें दोन लागतात. तथापि पट्टी बसविण्यापूर्वीं शल्यवैद्य दांत तारेनें तात्पुरते जुळवून घेतो. टायटॅनियम आलें तरी माप सालिचेतोचेंच राहिलें.

आतां राहिली नोंद. रोगांना आंकडे देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धति १८९३ सालीं शिकागोच्या अधिवेशनांत पॅरिसच्या बर्तियों यानें मांडली. परंतु ती यादी मरणाच्या कारणांची होती. जबडा मोडून जगलेला मनुष्य तींत कोठेंच बसत नव्हता. १९४८ सालीं, ज्या वर्षीं गंगापूर निजामी अंमलांतून बाहेर पडलें त्याच वर्षीं, जागतिक आरोग्य संघटनेनें सहावी आवृत्ति हातीं घेऊन आजार व दुखापती तींत समाविष्ट केल्या, आणि जिवंतांच्या मोडलेल्या हाडांनाहि हिशेबांत जागा मिळाली. १९९० सालीं मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तींत खालच्या जबड्याच्या मोडीला एस ०२.६ हा संकेतांक आहे. गाल व वरचा जबडा एस ०२.४, दांत मोडणें एस ०२.५, जबडा निखळणें एस ०३.०. साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या रोग्यांमधील भेद येथें दोन आंकड्यांच्या रूपानें पुन्हां उभा राहतो. अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली आहे.

संकेतांकाचें काम मोजण्याचें, आणि मोजण्यासाठीं भेद पुसावे लागतात. एस ०२.६ या आंकड्यांत तरुणाच्या जबड्याचा मोडलेला कोन आणि मुलाचा मोडलेला सांधा हे एकच होऊन जातात, मग दोघांचें भवितव्य कितीहि भिन्न असो. अमेरिकेंतील सुधारित यादींत सांधा, कोन, हनुवटी यांना निरनिराळे आंकडे दिले आहेत, मोड उघडी कीं बंद आणि रोगी प्रथम आला कीं पुन्हां, हेंहि शेवटच्या अक्षरानें कळतें. सुश्रुताला बारा नांवें पुरेशीं वाटलीं नसतीं, असें ती यादी पाहून वाटतें. पण निदानाचा आंकडा लिहून कारकुनाचें काम संपत नाहीं. दुखापत कशानें झाली, याचा निराळा आंकडा लागतो. वाहनांचे अपघात व्ही या अक्षरांत, पडणें डब्ल्यूच्या आरंभींच्या आंकड्यांत. आणि एका मनुष्यानें दुसऱ्याला केलेली मारहाण एक्स ८५ पासून वाय ०९ पर्यंत. बैलगाडींतून पडण्यालाहि व्ही ८० मध्यें जागा आहे. वाळूजच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर किती जबडे मोडतात आणि त्यांतील किती जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण होतें, हें जाणण्याचा मार्ग या दुसऱ्या आंकड्यांतूनच निघतो. घाईंत नेमका हाच रकाना कोरा राहण्याचा संभव असतो.

कायद्यालाहि या रकान्याशीं कर्तव्य आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या ३२० व्या कलमानें हाड किंवा दांत मोडणें अथवा निखळणें ही गंभीर दुखापत ठरविली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमानेंहि ती तशीच ठेवली.

बाह्यरुग्ण विभागांत तोंडावर पदर घेऊन एखादी बाई येते. नवरा किंवा सासू शेजारीं उभी असते. "न्हाणींत पाय घसरला," असें उत्तर बाईच्या आधीं तीच देते. डॉक्टर ओपीजी पाहतो. न्हाणींत पडणारी मनुष्यें बहुधा हनुवटीवर किंवा हातांवर पडतात. येथें हनुवटीवर ओरखडाहि नाहीं आणि मोड आहे डाव्या कोनापाशीं, समोर उभ्या असलेल्याचा उजवा हात जेथें बसतो तेथें. एवढ्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, आणि चांगला डॉक्टर तसें म्हणतहि नाहीं. तो तपासणीच्या निमित्तानें सोबतच्या माणसांना बाहेर पाठवितो, परिचारिकेला जवळ उभी करतो, आणि तोच प्रश्न सावकाश पुन्हां विचारतो. बाई कधीं गप्प राहते. कधीं दांत जुळत नसतांहि जेवढें बोलतां येईल तेवढें बोलते. ती बोलली, तर कागदावर एस ०२.६ च्या पुढें डब्ल्यू ऐवजीं वाय ०४ लिहिलें जातें, आणि त्याची खबर पुढें पोलिसांच्या नोंदींत जाते. मग तिचे दांत तारेनें जुळविले जातात, आंबील, दूध आणि वरणाचें पाणी यांवर कसें रहावयाचें तें सांगितलें जातें, आणि एकाएकीं उलटी झाली किंवा जीव घाबरला तर तारा कापावयाची लहान कात्री घरच्यांच्या नव्हे, तिच्याच हातांत दिली जाते.